चेहरा तेवढा बदलायचाय

दि. ४ फेब्रुवारी

अहो,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. मी इथे मजेत आहे, तुम्हीही तिकडे ठीक असाल. ताईचे गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी तिचं तोंड पूर्वीसारखंच चालू आहे. सकाळी आम्ही दोघी बागेपर्यंत जातो, येताना पाव आणि भाजी आणतो आणि दुपारी एकमेकींवर रागावून झोपतो. एकूण बहिणीबहिणींचा संसार चांगला चाललाय.

पाकिटावरचं अक्षर ताईनेच आधी ओळखलं. म्हणाली, "काय हवंय त्याला?" मी म्हटलं, अगं उघडू तर दे. उघडलं, तर तिचंच खरं निघालं.

प्रदर्शनाचं वाचलं. अभिनंदन. जन्मभराचं काम एका छताखाली म्हणजे मोठीच गोष्ट आहे. न्यायाधीश, कुलगुरू, बँकेचे अध्यक्ष, बंदरावरचे ते मिशीवाले अधिकारी, सगळे आपापल्या भिंतींवरून उतरून येणार. फक्त कारखानदारांच्या पत्नीचं चित्र हॉस्पिटलवाले देत नाहीत म्हणून तुम्ही हळहळलात. देत नाहीत ते बरं करतात. आणि अगदी शेवटच्या दालनात तुम्हाला मी हवी आहे. का, तर मुलाखत घ्यायला आलेल्या बाईने विचारलं, एवढ्या लोकांचे चेहरे काढलेत, मग बायकोचा कसा नाही? तुम्ही लिहिता, "तिचा प्रश्न मनाला लागला." मला तो प्रश्न लागून इतकी वर्षं झाली की आता त्याची सवय झालीय.

"तुला नुसतं बसायचंय," हे वाक्य मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती इतकी हसली की खुर्चीतून पडायचीच बाकी होती.

बसायचं मला नका शिकवू. तुमची ती मोठी माणसं चेहऱ्यापुरती यायची. सारखी घड्याळाकडे बघायची, चहा गार करायची आणि उठून जायची. तुम्ही दारापर्यंत सोडायला जाताना म्हणायचात, "चेहरा तेवढा दिलात, आता बाकीचं मी बघतो." बाकीचं म्हणजे मी. ते आपला कोट नाहीतर झगा ठेवून जायचे आणि तो घालून मी त्यांच्या जागी बसायची. कुलगुरूंच्या कोटात पोटाशी दोन उशा बांधून बसलेय. बंदरावरच्या साहेबांचं पितळी बटणांचं जाकीट घालून, तलवारीच्या जागी छत्री धरून उभी राहिलेय. त्या दिवशी शेजारीण साखर मागायला आली होती, आठवतं? मला बघून साखर न घेताच परत गेली, आणि पुढे कितीतरी दिवस माझ्याशी जरा अदबीनेच बोलायची.

ब्रश उभा धरून, एक डोळा मिटून तुम्ही मापं घ्यायचात. माप कॉलरपाशी येऊन थांबायचं. त्याच्या वरचं काम आधीच झालेलं असायचं, त्यामुळे वर बघायची तुम्हाला गरज नव्हती. मी तिथे जांभया दिल्या, तोंडं वेडावली, एकदा तर चांगली जीभ काढून दाखवली. तुम्ही म्हणालात, "खांदा हलवू नकोस."

प्रदर्शनाच्या पुस्तिकेचा कच्चा खर्डा सोबत पाठवलात तो वाचला. माझी करंगळी बघून ती लिहिणाऱ्या विद्वान गृहस्थांनी दीड पान लिहिलंय. लहानपणी दारात चेमटून वाकडी झालेली माझी डावी करंगळी! न्यायाधीशांच्या हाताला ती आहे, अध्यक्षांच्या हाताला आहे, बंदरावरच्या साहेबांच्याही आहे. गृहस्थ म्हणतात, "ही किंचित वाकलेली करंगळी म्हणजे सत्तेच्या आत दडलेली अस्वस्थता." ताईला म्हटलं, दार तूच लावलं होतंस, आता तुझंही नाव छापायला सांगू या.

असो. माझं येणं जमणार नाही. ताईचे गुडघे आहेत, घराला रंग द्यायचाय आणि मला प्रवास सोसत नाही. तीन कारणं दिली आहेत, त्यातलं आवडेल ते घ्या. तुम्हीही इकडे येऊ नका.

तब्येतीला जपा. टर्पेंटाइनची बाटली उघडी ठेवून झोपत जाऊ नका.

लोभ आहे तेवढा पुरे,

तुमची,
बाकीचं


दि. २३ फेब्रुवारी

अहो पेंटरसाहेब,

नमस्कार. तुमचं दुसरं पत्र मिळालं आणि लगोलग तिसरंही, कारण उत्तराची वाट बघणं तुमच्या स्वभावात नाही. ताई म्हणते, "एवढी पत्रं ह्याने लग्नाआधी लिहिली असती, तर मी तुला तेव्हाच सावध केलं असतं."

तुम्ही लिहिता, मी येत नसेन तर तुम्हीच रंग घेऊन याल. ताईच्या बाहेरच्या खोलीत उत्तरेचा चांगला उजेड आहे, तो तुम्हाला आठवतोय. ह्या घरात तुम्ही शेवटचे आलात तेव्हा लेक शाळेत होती, तरी खोलीचा उजेड आठवतो. कौतुक आहे. पण येऊ नका म्हटलं ना, म्हणजे येऊ नका.

मग तुम्ही फोटो मागता. फोटोवरून चित्रं काढणाऱ्यांना तुम्ही जन्मभर झेरॉक्सवाले म्हणत आलात. लेकीकडेही मागितलात म्हणे. तिने दिला नाही, कारण मीच तिला बजावून ठेवलंय. तिच्यावर डाफरू नका. ती बिचारी आपल्या दोघांमध्ये पहिल्यापासून भरडली गेलीय.

आणि दोन्ही पत्रांत तोच प्रश्न, "तुझा राग तरी कशाचा आहे?" घर सोडताना मी भांडले नाही, आदळआपट केली नाही. लेकीचं लग्न उरकलं आणि मी बॅग भरून इथे आले. लोकांना तुम्ही सांगितलंत की ताईला सोबत हवी होती. ताईला सोबत बिलकूल नको होती, ते तिने मला पहिल्याच दिवशी सुनावलं. तुम्ही मला थांबवलं नाहीत. न्यायाधीशांचा झगा मी इस्त्री करून ठेवलाय का, एवढं मात्र विचारलंत.

राग कशाचा ते सांगते. एकदाच सांगेन.

तुम्हाला तो रिकामा उन्हाळा आठवतो का? कुणाचंच काम नव्हतं. तुम्ही चिडचिडे झाला होतात, भिंतीकडे बघत बसायचात. मग एके दिवशी सकाळी म्हणालात, "बस जरा. तुझ्याच कपड्यांत बस." मी घरातल्या निळ्या कपड्यांत बसले. पोटाशी उशी नव्हती, हातात छत्री नव्हती. मला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. आणि तुमचं माप कॉलरपाशी थांबलं नाही, वर आलं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी उठून पाणी प्यायला गेले.

ते दिवस माझे फार चांगले गेले हो. तुम्ही बोलत होतात माझ्याशी. म्हणालात, नाकावर छोटासा उंचवटा आहे, तो कुणाच्याच लक्षात येत नसेल. म्हणालात, "तुझ्या डोळ्यांखाली हिरवट रंग आहे. कुणाला सांगू नकोस, नाहीतर सगळे बघायला येतील." मी संध्याकाळी भांडी घासताना ताटात चेहरा बघायची, हिरवा दिसतोय का म्हणून. मला माझा चेहरा तुमच्यामुळे आवडायला लागला होता. असं कुणाला सांगायचं नसतं, पण आता ह्या वयात लपवून तरी काय करू.

चित्र होत आलं आणि कारखानदार आले. ह्याच गावचे, ताईच्याच ओळखीने आले. पत्नी वारलेली, तिच्या नावाने हॉस्पिटल बांधून झालेलं, उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि चित्रकाराने ऐनवेळी दगा दिलेला. त्यांच्याकडे एकच फोटो होता, कुठल्याशा समारंभातला, त्यातही बाई अर्ध्या झाकलेल्या. इतक्या कमी वेळात होणार नाही असं म्हणून तुम्ही त्यांना परत पाठवायला निघालात. मी चहा घेऊन आत आले, तर तुम्ही दोघं माझ्या चित्रासमोर उभे. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बसणं तेच चालेल. चेहरा तेवढा बदलायचाय."

मला विचारलंत का, असं मी म्हणत नाही. विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, घरात काम नव्हतं हे मलाही दिसत होतं. पण तुम्ही विचारायला हवं होतं.

रंग अजून ओला होता. तुम्ही खाली वर्तमानपत्र अंथरलंत आणि सुरीने तो खरवडून काढलात, आधी कपाळ, मग गाल. मी कप धरून उभी होते. मग कागदाची पुरचुंडी करून तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "जाताजाता एवढं टाकून ये." मी ती टाकून आले. आल्यावर तुमचे ब्रश धुतले.

त्या बाईंच्या चेहऱ्यासाठी तुम्ही जिवाचं रान केलंत. कारखानदार सारखे येऊन सांगायचे, ओठ पातळ हवेत, हनुवटीवर खळी हवी, आणि तुम्ही पुसून पुसून पुन्हा काढायचात. शेवटी ते चित्रासमोर उभे राहून रडले. म्हणाले, "बसण्याची ढब तर हुबेहूब तिचीच." तिथून तुमचं नाव झालं. त्यानंतर भिंत बघत बसायची वेळ तुमच्यावर कधी आली नाही, आणि मला माझ्या कपड्यांत बसायचीही नाही. मी वाट बघितली. न्यायाधीश झाले की, कुलगुरू झाले की, असं करत लेकीच्या लग्नापर्यंत बघितली.

आता माझं ऐका. मुलाखतीत तुम्ही फुशारकी मारलीय, "एकदा नीट पाहिलेला चेहरा मी विसरत नाही." माझा तुम्ही एकदा नीट पाहिलाय. मग काढा. मी नको, फोटो नको, आठवणीतून काढा. मानेखालचं तर तुम्ही झोपेतही काढाल, त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही. प्रश्न वरचाच आहे.

चित्र इकडे पाठवा. ते माझं असेल तर मी उद्घाटनाला येईन, तुमच्याशेजारी उभी राहीन आणि नंतर परत तुमच्या घरी यायचं म्हणालात तर त्याचाही विचार करीन. ताईला हे सांगितलेलं नाही. चेष्टा करत नाहीये मी.

पत्राचं उत्तर नको, चित्रच येऊ द्या. आणि डोळ्यांखालचा हिरवट विसरू नका.

वाट बघते,

तुमची मी


दि. ९ एप्रिल

अहो,

चित्र मिळालं. लेक स्वतः घेऊन आली, गाडीत मांडीवर धरून. तुम्ही तिलाही उघडून दाखवलं नव्हतंत, "आधी तुझ्या आईने बघू दे," म्हणालात. तुमचा हा भला विचार मला आवडला, म्हणून आधी तेच लिहिते.

ताईला मी मुद्दाम एकटीला बागेत पाठवलं. सुतळी सोडली. बाहेरच्या खोलीत, तुमच्या त्या उत्तरेच्या उजेडात, चित्र खुर्चीवर टेकवून ठेवलं आणि कागद खालून वर सोडत गेले. घाई करवत नव्हती.

आधी हात आले. माझेच हात, अगदी माझे. करंगळी वाकडी, अंगठ्यावर भाजल्याचा डाग. तो डाग तुम्ही न्यायाधीशांना कधी दिला नव्हतात, मला दिलात. मग मांडी, मग निळे कपडे. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. हे मलाही माहीत नव्हतं. आरशासमोर जाऊन बघितलं, तर खरंच आहे. मला भरून आलं. म्हटलं, ह्या माणसाने मला पाहिलं होतं, मीच उगाच कुढत बसले. परत येऊन उरलेला कागद काढला.

लेक माझ्यामागे उभी होती. "किती सुरेख," असं ती म्हणाली. मग पुढे वाकून हळूच म्हणाली, "आई, ही हॉस्पिटलमधली बाई आहे गं."

पातळ ओठ, सरळ नाक, हनुवटीवर खळी. डोळ्यांखाली हिरवट नाही, गुलाबी आहे. एवढं जीव ओतून, एवढं मायेने तुम्ही कारखानदारांच्या पत्नीचा चेहरा माझ्या मानेवर काढलात आणि तुम्हाला कळलंही नाही. तुम्ही तो चेहरा पुसून पुसून काढला होतात, म्हणून तोच तुमच्या हातात राहिला. माझा एकदाच काढलात आणि खरवडलात. मुद्दाम केलं नाहीत, हे मला समजतं. मुद्दाम केलं असतंत तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

लेकीला ती बाई कशी ओळखू आली, हा प्रश्न तुम्हाला पडेल. आता सांगायलाच हवं.

गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिताना तो ओठांच्या कडेने खाली सांडायला लागला. ताई म्हणाली, नीट पी की. मी नीटच पीत होते. माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू गेली. गाल लोंबतो, भुवई वर जात नाही, डोळा पुरता मिटत नाही आणि हसले की अर्धीच हसते. जिवाला धोका नाही, काळजीचं कारण नाही. तुम्हाला कळवायचं नाही असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. फोटो का दिला नाही, मी का आले नाही, तुम्हाला का येऊ दिलं नाही, ते आता कळलं असेल. घराला रंग वगैरे काही द्यायचा नव्हता.

उपचारांना मी त्याच हॉस्पिटलात जाते. दर मंगळवारी लेक येऊन घेऊन जाते. आत एक तरुण मुलगी आहे, ती मला आरशासमोर बसवते, माझा गाल दोन बोटांनी उचलते आणि म्हणते, "म्हणा आ, म्हणा ऊ." अर्धा तास ती माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवत नाही. पहिल्या दिवशी मला तुमचा तो उन्हाळा आठवला. पण नंबर लागेपर्यंत बाहेरच्या हॉलमध्ये बसावं लागतं, आणि त्या हॉलमध्ये भिंतीवर ती आहे, खाली माझे हात आणि वर ती. पेशंट येतात, तिच्याकडे बघतात, म्हणतात, किती शांत बाई असेल. मी खालच्या बाकावर रुमालाने तोंड पुसत बसते. लेकीने वर्षभर ते बघितलंय, म्हणून तिने लगेच ओळखलं.

लेक तुमच्यावर फार चिडली होती. म्हणाली, आत्ताच्या आत्ता बाबांना फोन लावते. मी म्हटलं, राहू दे, मी लिहीन. माझा उजवा डोळा एरवीही सारखा गळत असतो, त्यामुळे मी रडतेय की नाही हे तिला समजलं नाही. तुम्हाला सांगते, मी रडले. ताई बागेतून येईपर्यंत रडले.

तुमच्या पत्राने मला काय आशा लावली होती, ते तुम्हाला कळणार नाही. ह्या तिरक्या तोंडाचं मला दुःख होतं, पण वाटत होतं, पूर्वीचा चेहरा एका माणसाच्या डोक्यात सांभाळलेला आहे. मला तो नको होता, नुसता कुठेतरी आहे एवढं पाहिजे होतं. आता तो आरशात नाही आणि तुमच्याकडेही नाही. मी स्वतःच त्याची पुरचुंडी बाहेर टाकून आले होते.

चित्र लेकीबरोबर परत पाठवतेय. त्यावर मी ओरखडाही काढलेला नाही. फार चांगलं काम आहे, शेवटच्या दालनात खुशाल लावा. हॉस्पिटलवाले ते चित्र देत नव्हते म्हणून तुम्ही हळहळत होतात, तर आता तुमची ती अडचणही मिटली. खाली नाव काय लिहू असं तुम्ही चित्रासोबतच्या चिठ्ठीत विचारलंय. माझं नाव लिहू नका. नुसतं 'पत्नी' लिहा. ती कुणाची तरी पत्नी होतीच, त्यामुळे खोटं ठरणार नाही. त्या विद्वान गृहस्थांना मात्र करंगळीचं खरं काय ते सांगा, एवढं एक माझ्यासाठी करा.

उद्घाटनाला मी येणार नाही. तुमच्या घरी परत यायचं जे लिहिलं होतं, ते लिहिलंच नव्हतं असं समजा. आता मला भेटायला आलात तरी चालेल, लपवण्यासारखं काही उरलं नाही. पण येणार असाल तर रंग आणू नका, आणि दारात उभी असलेली बाई कोण, असं ताईला विचारू नका. ती मीच असेन.

कळावे.

मानेपासून खाली तुमचीच